भिंतीतलं एक्केचाळीस मीटर तांबं

मी एक केबल बोलतेय. तांब्याची, निळ्या सालीची, लांबी एक्केचाळीस मीटर. लहान मुलांच्या रुग्णालयात दुसऱ्या मजल्यावर माझं सगळं आयुष्य गेलं. माझं एक टोक सर्व्हर रूममध्ये आहे आणि दुसरं त्याच मजल्यावर, स्कॅन वाचायच्या खोलीत, टेबलामागच्या भिंतीत. मधल्या वाटेत मी आधी लांबलचक व्हरांड्याच्या छताजवळून, पत्र्याच्या पन्हळीतून जाते आणि मग नवजात बाळांच्या वॉर्डाच्या भिंतीत शिरते. भिंतीला कान असतात म्हणतात. त्या भिंतीत चौदा वर्षं मी आहे, तेव्हा कान कुणाचे ते तुम्हीच समजून घ्या.

माझा जन्म सांगायचा तर आधी तांब्याबद्दल सांगायला हवं. आम्ही सगळे एकाच खाणीतले. माझी काही भावंडं भांडी झाली, काही मोटारीतली गुंडाळी झाली, एक म्हणे देवळाच्या कळसावर जाऊन बसलं. मला मात्र बारीक होत जाणाऱ्या भोकांतून एकामागून एक ओढलं. दर भोकाला मी लांब झाले आणि रोड झाले, शेवटी शिवणाच्या सुईएवढी उरले. अशा आठ तारा. प्रत्येकीला रंगीत साल चढवली आणि मग दोन-दोन तारांना एकमेकींभोवती पीळ घातला.

हा पीळ म्हणजे माझ्या आयुष्यातलं पहिलं आश्चर्य. आधी मला वाटलं, शोभेसाठी असेल. मग कळलं की जगात सगळीकडे विजेचा गोंगाट आहे. दिवा, पंखा, लिफ्टची मोटर, सगळ्यांची कुजबुज तारेत शिरते. पण दोन तारा एकमेकींभोवती फिरत गेल्या की ती कुजबुज दोघींवर सारखीच पडते. निरोप मात्र एकीवर सुलटा आणि दुसरीवर उलटा धाडलेला असतो. पलीकडचं यंत्र दोघींमधला फरक तेवढा मोजतं. सारखं असतं ते वजा होतं आणि निरोप उरतो. नुसत्या पिळाने हे होतं, दुसरं काही लागत नाही. हे ज्याला पहिल्यांदा सुचलं त्याला मी मनातल्या मनात रोज नमस्कार करते.

माझ्या पोटात अशा चार जोड्या आहेत. निळी, नारिंगी, हिरवी आणि तपकिरी. चौघींचे पीळ मुद्दाम वेगवेगळे ठेवलेले, एकीचा घट्ट, एकीचा सैल, म्हणजे एकीचं बोलणं दुसरीत शिरत नाही. चार जावा एका घरात नांदतात आणि कुरबुर म्हणून नाही. पण हे माझ्या घरातलं झालं. शेजारच्या केबलमध्येही निळी जोडी असते आणि तिचा पीळ माझ्या निळीसारखाच असतो, कारण आम्ही एकाच यंत्रातून निघालेल्या. एवढं तुम्ही ध्यानात ठेवा, कारण आमच्यावर जे संकट आलं ते इथूनच आलं.

मला या इमारतीत आणलं फणीवाल्यांनी. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते केबल टाकणारे कारागीर. चोवीस भोकांची एक लाकडी फळी त्यांनी स्वतःच्या हाताने घासून बनवली होती. चोवीस केबली तिच्यातून ओवायच्या आणि फळी पुढे सरकवत न्यायची, म्हणजे मागे सगळ्या अगदी सरळ, समांतर पडतात. केस विंचरावेत तशा. म्हणून लोकांनी त्यांना फणीवाले करून टाकलं. दर चार बोटांवर ते प्लास्टिकची पट्टी आवळायचे. एखादी केबल जागा सोडून दुसरीवर चढली की पट्ट्या कापून पुन्हा पहिल्यापासून.

बरोबरचे लोक थट्टा करायचे. हिला काय लग्नाला न्यायचीय, म्हणायचे. फणीवाले तोंडातली पट्टी काढून शांतपणे सांगायचे की वर कोणी बघत नाही, म्हणून तर नीट करायचं. असा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. व्हरांड्यात तीस मीटर आम्ही चोवीस जणी अशा पडलो की रंगाऱ्याने सुद्धा शिडीवर चढून आमचा फोटो काढला. मी फुगून गेले होते, खोटं कशाला सांगू. फक्त पुढे वॉर्डाच्या भिंतीतल्या पाइपात फळी शिरेना. तिथे आम्हाला कशाबशा ढकलाव्या लागल्या. त्या अकरा मीटरांची हळहळ फणीवाल्यांना कितीतरी दिवस लागून राहिली.

याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला दफ्तरखाना आहे. तिथल्या केबली दुसऱ्या एका ठेकेदाराने टाकल्या होत्या. टाकल्या म्हणजे अक्षरशः टाकल्या. फणीवाल्यांनी एकदाच तिथलं झाकण उघडून पाहिलं, ‘कावळ्याचं घरटं’ एवढंच म्हणाले आणि झाकण लावून टाकलं. मीही तेव्हा त्या बिचाऱ्यांना हसले होते.

मग माझं काम सुरू झालं. तळमजल्यावर बाळांची स्कॅन होत, ती चित्रं सर्व्हर रूममध्ये येत आणि मी ती स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरबाईंच्या पडद्यापर्यंत पोचवी. मी काय नेते ते मला दिसत नाही. मला फक्त थरथर कळते, सेकंदाला शंभर कोटी ठोक्यांची. पण डॉक्टरबाईंना चित्राशी बोलायची सवय आहे. ‘हां, दाखव बरं, कुठे दुखतंय,’ असं त्या पडद्याला म्हणत, आणि मला कळे की आत्ता जे माझ्यातून गेलं ते कुणाचं तरी डोकं होतं, कुणाचं मुठीएवढंही नसलेलं हृदय होतं. तांब्याच्या तारेतून हृदय जातं आणि पलीकडे जसंच्या तसं निघतं. चौदा वर्षं झाली, तरी मला याची सवय झालेली नाही.

चित्र यायला वेळ लागायचा, म्हणून डॉक्टरबाई बटण दाबून चहा करायला उठायच्या. कप घेऊन परत येईतो चित्र हजर. असं आमचं छान चाललं होतं.

मधल्या काळात फणीवाले गुडघ्यांमुळे शिडीवरून उतरले ते कायमचे. पण त्यांची लेक शिकून याच रुग्णालयात नेटवर्क सांभाळायला आली. पहिल्याच दिवशी तिने पन्हळीचं झाकण उघडून आम्हाला बराच वेळ न्याहाळलं आणि कुणाला तरी सांगितलं की हे माझ्या बाबांचं काम आहे.

गेल्या वर्षी तळमजल्यावर नवं यंत्र आलं. ते बाळाचं हृदय धडधडत असतानाच टिपतं. एकेका बाळाची हजारो चित्रं. ती सगळी माझ्यातून जायची म्हणजे सात-सात मिनिटं लागू लागली. एकदा शस्त्रक्रियेच्या खोलीतून डॉक्टरबाईंना विचारणा झाली आणि चित्र अजून अर्ध्यावरच होतं. त्या दिवशी त्या तडक व्यवस्थापकांकडे गेल्या. ‘टेबलावर बाळ असताना मी काय चहा पीत बसू?’ असं त्यांनी विचारलं, तेही आवाज न चढवता. व्यवस्थापकांनी लगेच ठरवलं की वेग दसपट करायचा आणि तांबं काढून फायबर टाकायची.

फायबरबद्दल मी वाकडं बोलणार नाही. मजल्या-मजल्यांमध्ये ती आधीपासून आहेच. केसाएवढी काच आणि तिच्यातून उजेड पळतो. ती कोसाकोसावर निरोप पोचवते आणि दमत नाही. तिच्यापुढे मी कोण? दसपट वेगाला माझी धाव फार तर पन्नासेक मीटर. पण मला धावायचे होते एक्केचाळीसच.

अडचण निराळीच होती. वॉर्डाच्या भिंतीतला पाइप आम्ही गच्च भरलेला. आम्हाला ओढून काढायचं तर वळणावर अडकणार, म्हणजे भिंत फोडायची. भिंत फोडायची म्हणजे धूळ, आणि धूळ म्हणजे वॉर्ड बारा दिवस बंद. आत अठरा पाळणे. वॉर्डाच्या मुख्य सिस्टर कधी जास्त बोलत नाहीत. त्या दिवशी भिंतीशी उभ्या राहून त्यांनी व्यवस्थापकांना सांगितलं की सोळा बाळं हलवता येतील, दोन नाही. त्यांना आत्ता या खोलीबाहेर नेणं म्हणजे जिवाशी खेळ. सांगताना त्यांचा तळवा माझ्या भिंतीवर टेकलेला होता.

लेक तिथेच होती. ती म्हणाली की अंतर कमी आहे, भिंतीतलं तांबंच हा वेग पेलेल, मला करून बघू द्या. व्यवस्थापकांनी शनिवारपर्यंतची मुदत दिली. शनिवारी चोवीसच्या चोवीस चालल्या तर ठीक, नाहीतर त्यापुढच्या सोमवारी भिंत फुटणार.

त्या आठवड्यात सोमवारीच तिने दोन्ही टोकांना नवी यंत्रं बसवली आणि पहिली परीक्षा माझी घेतली. मी घाबरले होते. तो वेग अंगातून गेला आणि मला कळेनाच की ही मीच का. एकेका जोडीवर सेकंदाला ऐंशी कोटी वेळा विजेची पातळी बदलते, आणि दर पातळीत तीन-तीन ठोके कोंबलेले. त्यातही जाणारा आणि येणारा निरोप एकाच जोडीवर, एकाच क्षणी. दोन माणसं समोरासमोर उभी राहून एकाच वेळी बोलतात आणि प्रत्येक जण आपला आवाज वजा करून दुसऱ्याचा ऐकतो, असा तो प्रकार. तांब्यातून हे काढून घेणारी माणसं आहेत तरी कशी? मी पास झाले. एकही चूक नाही. माझ्यामागून बाकीच्याही एकेक करून पास झाल्या.

मग तिने आम्हा चोवीस जणींना एकदम सुरू केलं आणि वीस जणी नापास झाल्या. मीसुद्धा.

तिने टोकं कापून नव्याने बसवली. यंत्राला जोडायच्या छोट्या वायरी बदलल्या. यंत्रं अदलाबदल केली. एकेकटी चालवली की हुशार, सगळ्या मिळून चालवल्या की ढ. दोन दिवस हेच. तिच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं आणि भिंतीपलीकडे त्या दोन बाळांची यंत्रं टुक टुक करत राहिली.

मला कारण ठाऊक होतं, हेच तर दुःख. माझ्या निळ्या जोडीत शेजारणीची निळी जोडी बोलत होती. सारख्या पिळाच्या आम्ही, तीस मीटर एकमेकींना चिकटून, सरळ, दर चार बोटांवर आवळलेल्या. जुन्या वेगाला शेजारणीचा आवाज इतका बारीक होता की कुणाचं काही बिघडलं नाही. या वेगाला तीच कुजबुज आरडाओरडा झाली. अति तिथे माती म्हणतात ते खरं. पण हे मी तिला सांगणार कसं? जगाचे निरोप पोचवते, स्वतःचा एक पोचवता येत नाही.

बुधवारी दुपारी तिला शंका आली की आपलं मोजायचं यंत्रच बिघडलंय. ताडून बघायला म्हणून ती दफ्तरखान्यात गेली आणि कावळ्याच्या घरट्याला ते जोडलं. हे मला नंतर कळलं. तिथल्या चोवीसही जणी एकदम चालल्या. माझ्याहून लांब होत्या, वेड्यावाकड्या पडल्या होत्या, तरी एकीची चूक नाही. परत येऊन ती आमच्याखाली शिडीवर चढली, झाकण उघडलं आणि एका पट्टीवर बोट ठेवून ती सगळी सरळ रांग शेवटपर्यंत पाहिली. उतरून बाकावर बसली आणि फोन लावला.

‘बाबा, उद्या दुपारी रुग्णालयात येता का? नाही, फोनवर नको.’

गुरुवारी फणीवाले आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. केबल काढणार असल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं, म्हणून त्यांना वाटलं की लेकीने शेवटचं बघायला बोलावलंय. तिने त्यांना बाकावर बसवलं, यंत्र त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि आधी मला एकटीला चालवलं. हिरवी खूण. मग सगळ्यांना चालवलं. लाल फुल्या. मग हाताला धरून त्यांना दफ्तरखान्यात घेऊन गेली.

परत आले तेव्हा फणीवाले हळू चालत होते. शिडीखाली थांबून त्यांनी वर पाहिलं.

‘म्हणजे माझाच हात नडला,’ ते म्हणाले.

‘तेव्हा हा वेग नव्हताच, बाबा. तेव्हा तुमचं बरोबरच होतं.’

‘तेव्हाचं मला नको सांगू. वॉर्डातली बाळं तिथेच राहायची तर काय करायचं, ते सांग.’

‘पट्ट्या कापायच्या. सगळ्या. आणि यांना विस्कटायचं.’

फणीवाल्यांनी मान हलवली. विस्कटायचं हा शब्द त्यांनी दोनदा स्वतःशीच म्हणून बघितला. मग हात पुढे केला आणि कात्री मागितली. लेक गुडघ्यांचं काही बोलू लागली, तर म्हणाले की बांधल्या मी, सोडणार मीच, दुसऱ्या कुणाचा हात लागायला नको. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं लेक पुटपुटली आणि शिडी धरून उभी राहिली.

पहिली पट्टी कापली गेली तेव्हा मला रडू आलं, आणि श्वासही आला. चौदा वर्षांत इतकं मोकळं मला कधी वाटलं नव्हतं. तीनशेच्या वर पट्ट्या होत्या. चार पावलं शिडी सरकवायची, चढायचं, कापायचं, उतरायचं. मधून मधून ते गुडघा चोळत. लेक पाणी देई.

खरा घोळ पुढे झाला. पट्ट्या निघाल्या, पण विस्कटणं त्यांना जमेना. ते एका केबलला धरून वर ढकलत आणि सोडता सोडता बोटांनी तिला पुन्हा शेजारणीच्या रांगेत नीट बसवत. स्वतःला पत्ताही नसे. जित्याची खोड. लेकीने दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा तिला हसू आवरेना.

‘बाबा, परत विंचरताय.’

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. ते हसले नाहीत. मग त्यांनी डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांनी दोन्ही हात आमच्यात घातले आणि पोराच्या डोक्यावरून हात फिरवावा तसं आम्हाला वरखाली केलं. मी तीन जणींवरून उलटून कुठल्या कुठे जाऊन पडले. शेजारी कोण आली ते मला ओळखू येईना. शिडी सरकली की डोळे उघडायचे, वर चढले की मिटायचे. अशी तीस मीटर. आयुष्यभर जे हात सरळ चालले त्यांना वाकडं चालायला लावणं किती जड असतं, हे मी त्या दिवशी त्यांच्या बोटांवरून ओळखलं. बोटं रांग शोधत आणि मग तीच मोडत. माणसाने मंगळावर यंत्रं धाडली असं मी ऐकलंय, त्याचाही निरोप कुणीतरी माझ्यासारखीतून पाठवला असेल. मला त्याहून हे मोठं वाटलं.

शुक्रवारी सकाळी लेकीने आम्हा चोवीस जणींना एकदम सुरू केलं. फणीवाले बाकावर बसले होते. मुख्य सिस्टर वॉर्डाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. वेग आला. मी वाट पाहत होते शेजारणीच्या कुजबुजीची. ती आलीच नाही. कधी कुणी जवळ यायची, दोन वितींत दूर निघून जायची. माझ्या पोटात फक्त माझा निरोप, स्वच्छ. एक मिनिट, दहा मिनिटं, एक तास. लेकीने यंत्र फिरवून बाबांना दाखवलं. चुका शून्य, चोवीसही जणींच्या. ते पाहून सिस्टर वळल्या. त्या आत गेल्या आणि भिंतीपलीकडून मला त्यांचा आवाज आला. त्या दोन पाळण्यांपैकी एकाशी बोलत होत्या, की निजा आता, कुठे जायचं नाहीये.

शनिवारी सकाळी डॉक्टरबाईंनी पहिलं चित्र मागवलं. बटण दाबून त्या सवयीने चहाला उठल्या आणि पाणी उकळायच्या आतच परत येऊन खाली बसल्या. पडद्यावर हृदय धडधडत होतं. झडपा उघडत होत्या, मिटत होत्या. त्या पडद्याशी बोलल्या नाहीत. खुर्ची मागे सारून तशाच पाहत राहिल्या, आणि मी, ज्या कुणाचं ते हृदय होतं त्याचा एकेक ठोका भिंतीतून पोचवत राहिले.

थोड्या वेळाने त्या व्हरांड्यात आल्या. झाकण लावायचं राहिलं होतं आणि फणीवाले खाली उभे होते. डॉक्टरबाईंनी वर पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

‘इथल्या वायरी किती नीट होत्या. हे कुणी केलं असं?’

लेक काही सांगायला पुढे झाली. फणीवाल्यांनी हाताने तिला थांबवलं.

‘मी केलंय,’ ते म्हणाले, ‘मुद्दाम.’

मग त्यांनी खिशातून पेन काढलं, शिडीवर चढले आणि झाकणाच्या आतल्या बाजूला, पट्टी धरून ओढावीत अशा सरळ अक्षरांत लिहिलं: कृपया नीट करू नये.

त्या झाकणाखाली मी आज आहे. धुळीत, आडवीतिडवी, बहिणींच्या घोळक्यात. कधीतरी काचेची पाळी येईल आणि मी जाईन, ते मला मान्य आहे. तोवर तुमच्यापैकी कुणी शिडी लावून हे झाकण उघडलंत आणि आम्हाला सारखं करायला तुमचे हात शिवशिवले, तर तेवढं वाचा आणि खाली उतरा. भिंतीपलीकडे बाळं निजलेली असतात.